धावेपासून टायरपर्यंत : मोटारसायकलीचा जुना टायर रिमवरून उतरवण्याची विद्या आणि गडमुडशिंगी परिसर

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शोध लावणारा, कारखाना उभारणारा आणि वस्तू बाजारात आणणारा यांची नावे त्यात येतात. तीच वस्तू जुनी झाल्यावर, बिघडल्यावर किंवा गंजून बसल्यावर ती मोकळी करणाऱ्या हातांची नोंद मात्र क्वचितच होते. वास्तविक कोणतेही यंत्र समाजात रुजते ते त्याच्या दुरुस्तीची सोय झाल्यानंतर. ज्या गावात यंत्र दुरुस्त करणारा नाही, त्या गावात ते यंत्र पाहुणे म्हणून येते आणि पहिल्या बिघाडाला अडगळीत जाते.

या दृष्टीने मोटारसायकलीचा जुना टायर रिमवरून उतरवणे ही क्रिया अभ्यासण्याजोगी आहे. वरवर पाहता ती पंक्चरच्या दुकानातील दहा-पंधरा मिनिटांची खटपट वाटते. परंतु टायर आणि रिम यांचा जोड कसा असावा, तो कोणाला सोडवता यावा आणि त्यासाठी कोणती हत्यारे लागावीत, या प्रश्नांभोवती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मोठी स्पर्धा झाली होती. त्या स्पर्धेत जो तोडगा टिकला, त्याच्यामुळेच महाराष्ट्रातील खेड्याच्या फाट्यावर एका खोक्यात मावणाऱ्या हत्यारांनिशी दुकान मांडणे शक्य झाले. प्रस्तुत निबंधात या जोडाचा इतिहास आणि त्याचा ग्रामीण श्रमव्यवस्थेशी असलेला संबंध कोल्हापूर जिल्ह्यातील गडमुडशिंगी परिसराच्या संदर्भात मांडला आहे.

निबंधाची उद्दिष्टे

१. बैलगाडीच्या लोखंडी धावेपासून हवेच्या टायरपर्यंत चाकाच्या बाह्य आवरणात झालेल्या बदलाचा आढावा घेणे.
२. टायर रिमवरून सुटा करता येण्याच्या तंत्राचा विकास तपासणे.
३. जुना टायर उतरवण्याच्या हस्तकौशल्यामागील तत्त्व स्पष्ट करणे.
४. या कौशल्याचे सामाजिक स्थान आणि त्यात होत असलेला बदल लक्षात घेणे.

अभ्यासक्षेत्र आणि साधने

गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील गाव कोल्हापूर शहराच्या आग्नेयेस, हुपरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शेती, सहकार, व्यापार आणि उद्योग यांच्या सीमारेषा या गावाच्या आसपास एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. एका बाजूस गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि पुणे-बंगळूर महामार्ग, दुसऱ्या बाजूस गांधीनगरची बाजारपेठ, तर लगतच उजळाईवाडीचा विमानतळ आहे. हा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत १९३९ मध्ये सुरू झाला. गांधीनगरच्या जागी वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि तिचे पुढे घाऊक व्यापारपेठेत रूपांतर झाले. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचा, म्हणजेच १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘गोकुळ’चा पशुखाद्य कारखाना गडमुडशिंगीतच आहे. दुधाच्या किटल्या, पशुखाद्याची पोती, कापडाचे गठ्ठे आणि कारखान्यात पाळीला जाणारे कामगार या साऱ्यांची ने-आण चाकांवर अवलंबून असल्याने या परिसरात चाकाच्या दुरुस्तीला कायमचे महत्त्व राहिले.

या विषयावर दप्तरी साधने फारशी मिळत नाहीत. पंक्चर काढणाऱ्या कारागिराने हिशेबाच्या वह्या जपून ठेवलेल्या नसतात. त्यामुळे तंत्रेतिहासातील प्रकाशित माहिती, वस्तुरूप साधने आणि कारागिरांची बोली या तिहींचा आधार घ्यावा लागतो. टायर ही वस्तू या बाबतीत उपकारक ठरते, कारण तिच्या बाजूच्या भिंतीवर आकारमान, उत्पादकाचे नाव आणि अनेकदा उत्पादनाचा काळही उठवलेला असतो. इसवी सन २००० पासून रूढ झालेल्या चार अंकी खुणेत पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. म्हणजे ‘१४०६’ अशी खूण असलेला टायर २००६ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला, असे वाचता येते. नाण्यावरील सालाप्रमाणे ही खूणही कालनिश्चितीस उपयोगी पडते.

धाव : हवेच्या टायरपूर्वीचे चाक

हवेचा टायर येण्यापूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी पट्टीचे वेटोळे बसवलेले असे. त्यास मराठीत ‘धाव’ म्हणतात. तुंब्यात बसवलेले आरे आणि आऱ्यांवर बसवलेल्या वक्र लाकडी पाट्या यांना एकत्र आवळून धरणे हे धावेचे काम होते. पाट्यांच्या घेरापेक्षा किंचित लहान घेराची धाव तयार करून ती शेणींच्या जाळात लाल होईपर्यंत तापवली जाई. तापल्याने प्रसरण पावलेली धाव चिमट्यांनी उचलून चाकावर बसवत आणि लगेच पाणी ओतत. थंड होताना ती आकुंचन पावून चाकाला घट्ट आवळत असे. हे काम एकट्याचे नव्हते. सुतार, लोहार, भाता चालवणारा, पाणी ओतणारे आणि गाडीचा मालक असे पाच-सहा जण त्यासाठी एकत्र येत.

धाव उतरवण्याचा प्रसंगही येत असे. कडक उन्हाळ्यात लाकूड वाळून आक्रसले की धाव सैल होई. तात्पुरता उपाय म्हणून चाक पाण्यात भिजत ठेवत. लाकूड फुगले की काही काळ काम भागे. कायमच्या दुरुस्तीसाठी मात्र धाव काढून, तिचा तुकडा कमी करून, पुन्हा जोडून तापवावी लागे. म्हणजे चाकाचे आवरण काढणे ही क्रिया अग्नी, भाता आणि ऐरण यांच्याशी बांधलेली होती. साहजिकच ती लोहार आणि सुतार या बलुतेदारांच्या हाती होती व तिचा मोबदला मुख्यतः सुगीच्या धान्यात मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात या बलुतेपद्धतीचे सविस्तर विवेचन आहे. त्या ग्रंथाच्या नावातच गाव आणि गाडा यांची जोडी यावी, यावरून चाकाचे ग्रामजीवनातील स्थान ध्यानात येते.

येथे भाषेचा एक पुरावा नोंदवण्यासारखा आहे. धाव ‘चढवली’ जाई आणि ‘उतरवली’ जाई. पुढे रबरी टायर आला तेव्हा तोही ‘चढवला’ आणि ‘उतरवला’ जाऊ लागला. वस्तू परदेशातून आली, तिचे नावही परके राहिले. क्रियापद मात्र लोहाराच्या अंगणातलेच टिकले.

टायर सुटा होण्याचा शोध

रबराला टिकाऊपणा देणारी गंधकप्रक्रिया चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये साधली. हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये पेटंट केली होती. परंतु सायकलचा काळ अजून आलेला नसल्याने ती मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉयड डनलॉप यांनी स्वतंत्रपणे तोच शोध लावला आणि सायकलच्या वाढत्या लोकप्रियतेमुळे तो लगेच रुजला. थॉमसन यांचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचे मूळ पेटंट टिकले नाही, ही बाब येथे महत्त्वाची आहे. कारण त्यानंतरची खरी स्पर्धा ‘हवेचा टायर कोणाचा’ यापेक्षा ‘तो रिमवर बसवण्याची आणि काढण्याची युक्ती कोणाची’ यावर झाली.

डनलॉप यांचा प्रारंभीचा टायर रिमला कापड आणि रबराच्या द्रावणाने चिकटवलेला असे. पंक्चर झाल्यास तो सोलून काढावा लागे आणि दुरुस्तीनंतर पुन्हा चिकटवून सुकू द्यावा लागे. १८८९ मध्ये फ्रान्समधील क्लेर्मों-फेरां येथील मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात असाच एक टायर दुरुस्तीस आला. त्याच्या दुरुस्तीला कित्येक तास लागले आणि चिकटवलेला टायर सुकण्यासाठी रात्र जावी लागली. या अनुभवातून एदुआर मिशेलिन यांनी काही मिनिटांत सुटा करता येणारा टायर तयार केला. १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत शार्ल तेरों हा स्पर्धक याच टायरवर विजयी झाला. सुटा करता येणे हाच टायरचा मोठा गुण आहे, हे त्या विजयाने लोकांसमोर आले.

ब्रिटनमध्ये १८९० या एकाच वर्षी दोन महत्त्वाची पेटंटे घेतली गेली. विल्यम अर्स्किन बार्टलेट यांच्या पद्धतीत टायरच्या कडेला रबराची जाड गोट असे आणि ती रिमच्या आत वळवलेल्या काठात हवेच्या दाबाने अडकून बसे. चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांच्या पद्धतीत टायरच्या दोन्ही कडांत न ताणणाऱ्या तारेची कडी घातलेली होती आणि रिमच्या मध्यभागी खोलगट चर ठेवलेला होता. पहिली पद्धत मोटारसायकलींवर १९२० च्या दशकापर्यंत प्रचारात राहिली. परंतु हवा कमी झाल्यास असा टायर काठातून निसटण्याचा धोका असे. वेग वाढत गेला तसा वेल्च यांचा तार-कडीचा टायर आणि मध्यचराचा रिम हीच पद्धत सर्वत्र मान्य झाली. आजही मोटारसायकलीचे चाक मूलतः त्याच तत्त्वावर बनते.

मराठी मुलखाचा या घडामोडींशी असलेला कालसंबंध लक्षणीय आहे. ज्या १८८८ साली डनलॉप यांनी टायरचे पेटंट घेतले, तेच वर्ष किर्लोस्कर उद्योगसमूहाच्या प्रारंभाचे मानले जाते, आणि तो प्रारंभ बेळगावातील सायकलच्या दुकानाने झाला होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत अध्यापन करीत असताना तेथून सायकली पाठवत आणि बेळगावात त्यांचे बंधू त्या विकत. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची उभारणी झाली. दक्षिण महाराष्ट्रातील आधुनिक यंत्रोद्योगाच्या मुळाशी सायकलचे दुकान आहे, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा तपशील नाही. चाक दुरुस्त करणाऱ्या हातांनाच पुढे नांगर, पंप आणि इंजिने घडवण्याचा आत्मविश्वास आला, असे म्हणता येते.

मोटारसायकल आणि टायर यांचा भारतातील प्रसार

स्वातंत्र्यपूर्व काळात मोटारसायकल ही संस्थानिक, लष्करी व मुलकी अधिकारी आणि मोजके धनिक यांच्यापुरती मर्यादित होती. वाहन आणि टायर दोन्ही आयात होत. १९३६ मध्ये डनलॉप कंपनीचा कारखाना बंगालमधील साहागंज येथे सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया जिंकल्यावर आणि १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडल्यावर दोस्त राष्ट्रांचा रबराचा मोठा पुरवठा तुटला. भारतातही टायरच्या विक्रीवर नियंत्रण आले. नवा टायर दुर्मीळ झाला की जुन्याचे आयुष्य वाढवणे हीच गरज होते. फाटलेल्या टायरच्या आतून जुन्या टायरचा तुकडा बसवणे, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘गेटर’ टाकणे, झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवणे, एकाच ट्यूबवर ठिगळामागून ठिगळ लावणे हे उपाय टंचाईच्या अर्थव्यवस्थेत रूढ झाले आणि परवान्यांच्या काळात पुढे अनेक दशके चालू राहिले.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलू लागले. १९५५ मध्ये मद्रास येथे एनफिल्ड इंडियाची स्थापना होऊन बुलेटची जुळणी सुरू झाली. १९६० च्या दशकाच्या आरंभी म्हैसूर येथे आयडियल जावा आणि उत्तरेत एस्कॉर्ट्सची राजदूत या मोटारसायकली तयार होऊ लागल्या. टायर उद्योगात मुंबईची सिएट १९५८ मध्ये उभी राहिली. १९४६ मध्ये मद्रासजवळ खेळण्यातील फुग्यांपासून सुरुवात केलेल्या एमआरएफने १९६१ नंतर टायरनिर्मितीत प्रवेश केला. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० बाजारात आली आणि कमी इंधनात चालणारी मोटारसायकल शेतकरी, दूधउत्पादक व कामगार यांच्या आवाक्यात आली. कोल्हापूर परिसरात दूध संस्थेची सकाळ-संध्याकाळची फेरी, उसाच्या फडातली ये-जा आणि औद्योगिक वसाहतीतील पाळी या तिन्ही गरजा याच वाहनाने भागवल्या.

शेतरस्त्यावर टायरचे शत्रूही ठरलेले असत. बाभळीचा काटा, बैलाच्या पायातील पत्रीचा निखळलेला खिळा, कारखान्याच्या आवारातील लोखंडी कीस. जुन्या वाहनव्यवस्थेतील खिळा नव्या वाहनव्यवस्थेच्या टायरमध्ये शिरावा, हे संक्रमणकाळातील ग्रामीण रस्त्याचे यथार्थ वर्णन आहे. याच रस्त्यावर टायरची बैलगाडीही धावू लागली होती. तिला अनेक ठिकाणी ‘डनलॉप गाडी’ म्हणतात. कंपनीचे नाव येथे वस्तूचे सामान्यनाम झाले आणि धाव चढवणाऱ्या लोहाराचे एक काम कमी झाले.

जुना टायर उतरवण्यामागील तत्त्व

नव्या टायरच्या आणि वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या टायरच्या उतरवणीत मोठा फरक असतो. पोलादी रिमच्या व्हॉल्व्हच्या व ताराच्या छिद्रांतून पाणी आत जाते. रिम गंजतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने तो टायरच्या कडेत दाटून बसतो. दुसरीकडे हवेतील प्राणवायू, ओझोन, ऊन आणि उष्णता यांमुळे रबर कडक होते व त्याला भेगा पडतात. त्यामुळे कडेची तार-कडी रिमला जणू सांधली जाते. परसात किंवा गोठ्याच्या कडेला दहा-वीस वर्षे उभी राहिलेली राजदूत किंवा जावा पुन्हा चालती करायची तर पहिला अडसर इंजिनाच्याही आधी येथे येतो.

उतरवणीचा क्रम असा असतो. प्रथम व्हॉल्व्हची आतील पिन काढून हवा पूर्ण सोडली जाते आणि व्हॉल्व्हचे नट सोडवले जाते. मग दोन्ही बाजूंची कड रिमच्या आसनापासून सुटी करावी लागते. जुन्या टायरबाबत हाच सर्वांत कठीण भाग होय. पायाच्या टाचेने दाबणे, लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने ठोकणे, मोठ्या शेगड्यात धरून आवळणे किंवा दुसऱ्या मोटारसायकलीच्या बाजूच्या स्टँडखाली कड ठेवून त्या गाडीचा भार देणे, असे उपाय योजले जातात. कड सुटावी म्हणून साबणाचे पाणी सोडतात. डिझेल किंवा ऑइल सोडल्यास काम तात्पुरते सोपे होते, पण टायर वा ट्यूब पुन्हा वापरायची असेल तर खनिज तेलाने रबर फुगते व खराब होते.

कड सुटल्यावर टॉमी लावण्याची वेळ येते. येथे नवशिका आणि जाणता यांतील फरक दिसतो. तारेची कडी ताणली जात नाही आणि रिमचा काठ तिच्या घेरापेक्षा मोठा असतो. केवळ जोर लावल्यास टॉमी वाकते, काठ दुमडतो किंवा तार तुटते. टायर मात्र निघत नाही. जाणता कारागीर समोरच्या बाजूची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या चरात उतरवतो. चराचा घेर लहान असल्याने तेथे जेवढी सैलता मिळते, तेवढी अलीकडच्या बाजूस उपलब्ध होते आणि कड सहज काठावरून बाहेर येते. म्हणून उतरवणीची सुरुवात व्हॉल्व्हच्या जागेपासून करतात आणि चढवणीचा शेवटही तेथेच करतात; व्हॉल्व्हच्या बुंध्यामुळे त्या जागी कड चरात पूर्ण बसू शकत नाही. थोडक्यात, जोर जिथे दिसतो तिथे युक्ती नसते. ती समोरच्या, न दिसणाऱ्या बाजूस असते. वेल्च यांच्या १८९० च्या पेटंटातील भूमिती ही हाताची सवय होऊन मराठी खेड्यापर्यंत पोहोचली ती पुस्तकातून नव्हे, तर उस्तादाकडून शागिर्दाकडे.

टायर पुन्हा वापरायचा नसेल तर तो कापून काढण्याचा मार्ग उरतो. बाजूची भिंत धारदार सुरीने कापता येते. कडेतील तार मात्र करवतीनेच तोडावी लागते. जुन्या गाड्यांची मूळ रूपात पुनर्बांधणी करणाऱ्यांना हा मार्ग अनेकदा पत्करावा लागतो, कारण त्यांच्या दृष्टीने टायरपेक्षा त्या काळचा मूळ रिम अधिक मोलाचा असतो.

स्कूटर आणि मिश्रधातूचे चाक

स्कूटरने वेगळा मार्ग स्वीकारला. व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा यांच्या घडणीत पत्र्याचे दोन अर्धे भाग नट-बोल्टने जोडून रिम तयार होत असे. नट काढले की रिमच दुभंगे आणि टायर टॉमीविना बाहेर येई. अट एकच असे : आधी हवा सोडायची, मग नट सैल करायचे. हा क्रम चुकल्यास दाबलेल्या हवेने रिमचे भाग उसळून गंभीर इजा होऊ शकते. येथे कौशल्य हातातून निघून नटबोल्टात गेले आणि स्कूटरमालकाला स्वतःच चाक खोलता येऊ लागले.

इसवी सन २००० नंतरच्या काळात मोटारसायकलींवर मिश्रधातूची ओतीव चाके आणि पुढे ट्यूबविरहित टायर यांचा प्रसार झाला. अशा टायरची कड हवाबंद बसणे आवश्यक असते. म्हणून ती आसनावर अधिक घट्ट बसते आणि रिमवर तिला अडवणारा उंचवटाही असतो. ती सोडवण्यास गुडघ्याचा आणि टाचेचा जोर पुरत नाही. शिवाय ओतीव चाकाच्या काठावर टॉमीचा ओरखडा पडला तर हवा गळू शकते. परिणामी कड सोडवणारे यंत्र आवश्यक ठरले. दुसरीकडे पंक्चर झाल्यावर टायर उतरवण्याची गरजच बहुतांशी संपली, कारण बाहेरूनच रबरी पट्टी खोचून छिद्र बुजवता येते. गाडीमालकाच्या दृष्टीने ही निश्चितच सोय आहे. मात्र ज्या क्रियेची रोजची आवृत्ती हातात विद्या मुरवत होती, ती क्रिया आता कधीतरीची झाली.

कारागिराचे सामाजिक स्थान

धावेकडून टायरकडे झालेल्या बदलाचा सामाजिक अर्थ महत्त्वाचा आहे. धाव चढवणे हे जन्माने ठरलेल्या कारागिराचे, गावाशी बांधलेले आणि मुख्यतः धान्यात मोबदला मिळणारे काम होते. टायर उतरवणे हे कोणालाही शिकता येणारे, कोठेही मांडता येणारे आणि रोख मोबदल्याचे काम ठरले. भाता-ऐरणीऐवजी दोन टॉमी, हातोडा, पंप, पाण्याची घमेली, कानस, द्रावणाची डबी आणि सावलीपुरते छप्पर एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय उभा राहिला. त्यामुळे महाराष्ट्राच्या महामार्गांवर केरळमधून आणि पुढे उत्तर भारतातून आलेल्या कारागिरांनी दुकाने मांडली. स्थानिक तरुणांनीही हे काम उचलले. बलुतेदारीतील हक्काचे संरक्षण येथे नव्हते, पण जातीचे बंधनही नव्हते. ग्रामीण कारागिरीच्या इतिहासात हे स्थित्यंतर दुर्लक्षून चालणार नाही.

तथापि हे मोकळेपण त्या साध्या हत्यारांवर आधारलेले होते. मध्यचराच्या रिमने विद्या लोहाराच्या भट्टीतून रस्त्यावर आणली. यंत्राने कड सोडवण्याची पद्धत तीच विद्या पुन्हा भांडवल असलेल्या दुकानात नेते. तारांच्या चाकाच्या गाड्या अद्याप वापरात आहेत, त्यामुळे टॉमी पूर्णपणे बाजूला पडलेली नाही. परंतु केवळ टॉमीवर दुकान चालवणाऱ्याचे क्षेत्र आक्रसत आहे, हे स्पष्ट आहे.

उतरलेल्या टायरचे पुढे काय

रिमवरून उतरलेला टायर ग्रामीण अर्थव्यवस्थेत लगेच टाकाऊ होत नसे. त्याच्या रबराचे चपलांचे तळ होत, तुकड्यांचे गेटर होत, तर अख्खा टायर गवताच्या गंजीवरील आच्छादन दाबून ठेवण्यास उपयोगी पडे. ट्यूबच्या पट्ट्यांनी गाडीवर किटल्या आणि पोती आवळली जात. मुले काठीने टायर पळवत. या पुनर्वापराला मर्यादा होती ती संख्येची. वाहने वाढली तशी टायरची रास वाढली आणि जाळण्याची वाईट प्रथाही. जळालेल्या टायरमागे विषारी धूर हवेत जातो आणि जमिनीवर कडेच्या तारांची कडी उरते.

केंद्र सरकारने २१ जुलै २०२२ रोजी घातक व इतर कचऱ्याविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून टायर उत्पादकांवर व आयातदारांवर वापरून झालेल्या टायरच्या पुनर्चक्रीकरणाची विस्तारित जबाबदारी टाकली. हे बंधन २०२२-२३ साठी ३५ टक्के, २०२३-२४ साठी ७० टक्के आणि २०२४-२५ पासून १०० टक्के या प्रमाणात ठरवले गेले. नियम उत्पादक आणि नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणकर्ता यांच्यातील व्यवहार नियमित करतात. टायर प्रत्यक्ष रिमवरून उतरतो ती जागा मात्र फाट्यावरचे दुकान असते. त्या दुकानदाराला या साखळीत स्थान आणि मोबदला मिळाला, तरच जुना टायर जाळाऐवजी योग्य ठिकाणी पोहोचेल.

निष्कर्ष

१. हवेच्या टायरचा प्रसार केवळ त्याच्या आरामदायीपणामुळे झाला नाही. तो रिमवरून सहज उतरवता येऊ लागला, हे त्याच्या यशाचे निर्णायक कारण होते.
२. तार-कडी आणि मध्यचर यांच्या रचनेमुळे दुरुस्तीची विद्या कमी भांडवलात आणि जन्मसिद्ध व्यवसायाच्या चौकटीबाहेर उपलब्ध झाली. दूध, ऊस आणि औद्योगिक श्रम यांवर उभ्या असलेल्या गडमुडशिंगीसारख्या परिसराला तिचा मोठा आधार मिळाला.
३. ट्यूबविरहित टायर आणि ओतीव चाक यांमुळे ही विद्या हातातून यंत्राकडे सरकत आहे. सोय वाढत असताना स्वतंत्र कारागिराचे क्षेत्र कमी होत आहे.
४. वापरून झालेल्या टायरविषयीचे धोरण परिणामकारक होण्यासाठी टायर उतरवणाऱ्या कारागिराचा विचार धोरणात होणे आवश्यक आहे.

या विद्येचे दस्तऐवजीकरण ग्रामीण महाविद्यालयांना सहज शक्य आहे. इतिहास, मराठी, भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील धाव चढवणारे वृद्ध लोहार-सुतार आणि पंक्चरचे जुने कारागीर यांच्या पद्धती, हत्यारे व शब्द नोंदवून ठेवावेत. धाव चढवताना पाहिलेली पिढी आता उतारवयात आहे, आणि टॉमीने टायर उतरवणारी पिढीही फार काळ बहुसंख्य राहणार नाही. दोन्ही पिढ्या एकाच गावात भेटण्याची शक्यता आज आहे. ती नोंद याच काळात झाली, तर ‘चढवणे’ आणि ‘उतरवणे’ या दोन साध्या क्रियापदांमागील श्रमाचा इतिहास पुढील अभ्यासकांच्या हाती राहील.